बटण कोणाच्या हातात? कतारचं डिजिटल सरकार आणि सीआयओचा अर्धा प्रश्न

सरकारी डिजिटल सेवा गडगडली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "खात्यात चांगला सीआयओ असता तर ही वेळ आली नसती." सीआयओ म्हणजे चीफ इन्फर्मेशन ऑफिसर, खात्याच्या माहिती-प्रणालींची जबाबदारी ज्याच्याकडे असते तो वरिष्ठ अधिकारी. या पदावरचं बहुतेक लिखाण एकाच प्रश्नाभोवती फिरतं: त्याला पुरेसे अधिकार आहेत का? बजेटवर त्याची सही चालते का, धोरण ठरतं त्या बैठकीला त्याला बोलावतात का? अमेरिकेत १९९६च्या क्लिंगर-कोहेन कायद्याने केंद्रीय खात्यांत हे पद आणलं, २०१४च्या फिटारा कायद्याने त्याचे अधिकार वाढवले, तरी चर्चा अजून तिथेच घुटमळते आहे.

माझं म्हणणं असं की हा प्रश्न अर्धा आहे. उरलेला अर्धा कतारकडे पाहिलं की नीट दिसतो.

कतारच का? कारण तिथे अधिकारांचा आणि पैशांचा तुटवडा ही सबब चालत नाही. देश लहान, लोकसंख्या सुमारे तीस लाख, निर्णय झटपट. २००४ मध्ये माहिती-तंत्रज्ञानासाठी सर्वोच्च परिषद, म्हणजे आयसीटी-कतार, स्थापन झाली. २०१३ मध्ये तिचं मंत्रालय झालं आणि परिषदेची धुरा वाहिलेल्या डॉ. हेस्सा अल जाबेर मंत्री झाल्या. २०१६ मध्ये ते वाहतूक खात्यात विलीन झालं, २०२१ मध्ये पुन्हा वेगळं. याच काळात हुकूमी हे सरकारी पोर्टल आणि गृह मंत्रालयाचं मेट्राश-२ हे अ‍ॅप उभं राहिलं. आता मेट्राश-२ची जागा नव्या मेट्राशने घेतली आहे. दोह्यात कोणाही मराठी कुटुंबाला विचारा: रेसिडेन्सीचं नूतनीकरण, वाहतुकीचा दंड, घरच्यांचा व्हिसा, सगळं फोनवर होतं. हे खरंच कौतुकास्पद आहे आणि ते मान्य करूनच पुढे जाऊ या.

आता हेच अ‍ॅप दुसऱ्या बाजूने बघा. २०१८ पर्यंत बहुसंख्य परदेशी कामगारांना देश सोडण्यासाठी मालकाची परवानगी, म्हणजे एक्झिट परमिट, लागायची. ही परवानगी मेट्राश-२ वरूनही देता यायची. पूर्वी कागद फिरायचा, आता मालकाने दोन-चार वेळा बोट टेकवलं की काम झालं. तंत्रज्ञानाच्या हिशेबात ही उत्तम सेवा: वेळ वाचला, रांग गेली. पण वेळ वाचला कोणाचा? मालकाचा. कामगार आधी मालकाच्या सहीवर अवलंबून होता, नंतर त्याच्या बटणावर. एक्झिट परमिट बहुतेकांसाठी रद्द झालं ते कायदा बदलल्यामुळे, अ‍ॅप सुधारल्यामुळे नव्हे.

म्हणजे सीआयओचा दोष नाही, दोष कायद्याचा, असं तुम्ही म्हणाल. मग पुढचं उदाहरण घ्या, तिथे गोष्ट उलटी आहे. २०२० मधल्या कायदेबदलाने नोकरी बदलण्यासाठी जुन्या मालकाचं 'ना हरकत' पत्र लागणं बंद केलं. ठराविक मुदतीची नोटीस द्यायची, खात्याच्या ऑनलाइन प्रणालीतून कळवायचं आणि मोकळं व्हायचं, असा कायदा. प्रत्यक्षात काय झालं हे अ‍ॅम्नेस्टी आणि ह्यूमन राइट्स वॉच यांनी नोंदवून ठेवलं आहे: कामगारांकडे मालकाची सही किंवा शिक्का असलेलं राजीनामापत्र मागितलं जाऊ लागलं. कायद्याने पुढच्या दाराने घालवलेलं 'ना हरकत' अर्जासोबतच्या कागदांच्या यादीतून मागच्या दाराने परत आलं.

सीआयओच्या भूमिकेचं खरं वजन इथे कळतं. अर्जात कोणता रकाना सक्तीचा, कोणतं कागदपत्र जोडल्याशिवाय 'पुढे जा' दाबता येत नाही, नकार आला तर कारण दिसतं की नुसतं 'नामंजूर', हे निर्णय वरवर तांत्रिक वाटतात. पण कामगारासाठी कायदा म्हणजे समोरचा अर्जच असतो, राजपत्र तो वाचत नाही. तेव्हा "धोरण दुसऱ्यांचं, मी फक्त सिस्टिम चालवतो" हे उत्तर सीआयओला शोभत नाही. कायदा एक म्हणतो आणि आपली प्रणाली दुसरंच मागते, हे खात्यात सगळ्यात आधी ज्याला दिसायला हवं तो हाच माणूस.

तिसरं उदाहरण एहतेराझचं. कोविडकाळातलं हे संपर्क-शोध अ‍ॅप २२ मे २०२० पासून घराबाहेर पडणाऱ्यांना सक्तीचं झालं. न वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन लाख रियालपर्यंत दंड. त्याच आठवड्यात अ‍ॅम्नेस्टीच्या सुरक्षा-तज्ज्ञांनी दाखवून दिलं की ओळखपत्राचा क्रमांक दिला की सर्व्हर त्या व्यक्तीचा क्यूआर कोड देतो आणि त्यात नाव, आरोग्यस्थिती वगैरे तपशील असतो. हे क्रमांक ठराविक साच्यातले, त्यामुळे अंदाजाने तयार करता येणारे. दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती उघडी पडू शकली असती. कळवल्यावर एका दिवसात दुरुस्ती झाली, हा वेग दाद देण्यासारखाच. पण अ‍ॅप न वापरणाऱ्या नागरिकाची शिक्षा आकड्यांसकट जाहीर होती. अ‍ॅप असुरक्षित ठेवणाऱ्याची जबाबदारी कोणाची, हे तितकं स्पष्ट कुठे होतं? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा कतारने २०१६ मध्येच केला, आखाती देशांत पहिला. पण राष्ट्रीय सुरक्षेसारख्या कारणांसाठी सरकारी यंत्रणांना त्यातून सूटही ठेवली.

यश मोजायची फूटपट्टी काय, हेही बघा. संयुक्त राष्ट्रांच्या ई-गव्हर्नमेंट सर्वेक्षणात कतार २०२२ मध्ये ७८वा होता, २०२४ मध्ये ५३वा. निर्देशांकाचे घटक तीन: ऑनलाइन सेवा, दूरसंचार सुविधा, मनुष्यबळ. यातले दोन सीआयओच्या हातात जवळपास नाहीतच. आणि किती अर्ज फेटाळले गेले, का, त्यावर दाद कुठे मागता आली, हे या क्रमवारीतून कळत नाही. मेट्राश-२ सहा भाषांत होतं, त्यात उर्दू आणि मल्याळमही होती. पण नेपाळी, बंगाली, हिंदी नव्हती, आणि बांधकामावर राबणाऱ्या हातांत याच भाषा मोठ्या संख्येने आहेत. अशा गोष्टीने क्रमवारी खाली येत नाही, मग खात्याला घाई कशाला?

आपल्याकडची तुलना उपयोगी पडेल. महाराष्ट्राच्या २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्यात प्रत्येक अधिसूचित सेवेला पदनिर्देशित अधिकारी असतो, मुदत असते, दोन अपिलं असतात, त्यावर आयोग असतो, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड. 'आपले सरकार' वापरलेल्यांना 'सर्व्हर डाऊन' काही नवीन नाही, आणि सेवेच्या चकाचकपणात मेट्राश कितीतरी पुढे आहे. तरी एक गोष्ट इथल्या कायद्याला कळली आहे: सेवा नाकारणाऱ्याचं पद माहीत असायला हवं आणि त्याच्या वर दाद मागायला जागा हवी. गंमत म्हणजे या साखळीत प्रणाली घडवणारा अधिकारी कुठेच नाही. तहसीलदाराला दंड होऊ शकतो, पण अर्जात चुकीचा रकाना सक्तीचा करणाऱ्याला कोणी विचारत नाही.

म्हणून सीआयओला आणखी अधिकार द्या, या मागणीला माझा विरोध नाही, पण तिच्यासोबत तीन अटी हव्यात. एक, कायदा बदलला की संबंधित प्रत्येक अर्ज त्याच्याशी ताडून पाहिल्याचं सीआयओने लेखी जाहीर करावं. दोन, मंजूर अर्जांइतकेच नामंजूर अर्जांचे आकडे कारणांसकट छापावेत. तीन, प्रणालीमुळे हक्क हुकला तर दाद त्या खात्याबाहेर मागता यावी. राजकीय हक्क नसलेले परदेशी जिथे लोकसंख्येत बहुसंख्य आहेत, तिथे या अटी जास्तच गरजेच्या. त्यांच्यापाशी मत नाही, संघटना जवळपास नाही, फोनवरचा अर्ज हीच सरकारशी बोलायची मुख्य वाट.

यापुढे कुठल्याही सरकारने "इतक्या शेकडो सेवा ऑनलाइन" अशी जाहिरात केली, मग ते दोह्यातलं असो की मुंबईतलं, तर एवढंच विचारा: यातल्या किती सेवांमध्ये 'नाही' म्हणणाऱ्याला कारण द्यावं लागतं?