वाक्य काढून बघा

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात बारावीला इंग्रजीचा तीन तासांचा पेपर असतो. त्याच्या तिसऱ्या भागात आधी कधी न पाहिलेला मजकूर समोर येतो. त्यात कुणीतरी कुणाला तरी काहीतरी पटवून देत असतं. आपल्याला ते पटलं की नाही हे लिहायचं नाही. लेखक पटवतो कसा, तेवढंच लिहायचं.

आमच्या बोर्डाच्या इंग्रजीत 'व्ह्यू-काउंटरव्ह्यू' असायचं. दिलेल्या मताविरुद्ध चार मुद्दे ठोकायचे. ते मत नीट वाचलं नसलं तरी चालायचं. त्यापेक्षा न पटणाऱ्या माणसाच्या वाक्यांत तासभर बसवणारा हा प्रकार मला केव्हाही बरा वाटतो.

पण मेलबर्नला राहणाऱ्या माझ्या भाचीचे सरावाचे निबंध वाचले की वैताग येतो. तिच्या क्लासने क्लृप्त्यांची यादी दिली आहे: प्रश्नालंकार, 'आपण'चा वापर, आकडेवारी, भावनिक आवाहन. प्रत्येकीपुढे तिचा परिणामही तयार. प्रश्नालंकार आला, की वाचक विचार करू लागतो. हे वाक्य जगातल्या कुठल्याही प्रश्नाखाली चिकटवता येतं, म्हणूनच ते कुठल्याच प्रश्नाबद्दल काही सांगत नाही.

कोडमधली एखादी ओळ कशासाठी आहे हे कळलं नाही, तर आम्ही ती तात्पुरती बंद करतो किंवा बदलून बघतो. काय मोडतं ते दिसतं. हाच प्रयोग मी भाचीला टिळकांच्या एका शीर्षकावर करायला सांगितला. २२ जून १८९७ ला पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, सरकारने अख्ख्या शहराला वेठीला धरलं आणि जुलैत 'केसरी'त अग्रलेख आला, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?'

"मावशी, सोप्पंय, प्रश्नालंकार," ती म्हणाली.

मग आम्ही तिथे 'सरकारचे धोरण योग्य आहे काय?' घालून पाहिलं. हाही प्रश्नालंकारच. यादीप्रमाणे परिणामही तोच. पण शीर्षकातला जीव गेला. डोकं ठिकाणावर आहे का, हे घरातलं वडीलधारं माणूस बिघडलेल्या पोराला विचारतं. इथे ते प्रजा राजाला विचारते आहे. शिवाय धोरणावर वाद घालता येतो. डोकं फिरलेल्याशी वाद कसला घालणार? सगळी करामत 'डोके' या शब्दात आहे, आणि यादीत त्याला खणच नाही.

पुढच्या आठवड्यातल्या अग्रलेखाचं शीर्षक, राज्य करणं म्हणजे सूड उगवणं नव्हे, अशा अर्थाचं. प्रश्न नाही, साधी व्याख्या. भाचीने तिथे मात्र थोडा वेळ घेतला. "पण सूड घेतायत हे कुणी सिद्ध केलं?" हा प्रश्न मला तिच्या आधीच्या सगळ्या निबंधांपेक्षा आवडला. व्याख्या मान्य केली, की सरकार सूड घेतं आहे हे न बोलता मान्य होऊन जातं. परीक्षेत मात्र ते खरं आहे का, हे कुणी विचारत नाही. मजकूर बहुधा परीक्षेसाठीच रचलेला असतो, त्यामुळे तपासायची सोयही नाही. मला ही या प्रकारातली सगळ्यात मोठी उणीव वाटते.

दुसरी उणीव म्हणजे त्या यादीतला एकवचनी 'वाचक'. त्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. या अग्रलेखांवरून नव्हे, तर जूनमधल्या शिवाजी उत्सवाच्या मजकुरावरून. प्रश्न मात्र ओळखीचाच होता: हे वाचून लोकांच्या मनात सरकारविषयी काय भावना उत्पन्न होईल? नऊ ज्यूरर होते. सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तिघा हिंदी ज्यूररांनी निर्दोष. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.