क्यूअर, द

(स्थापना १९७८). पंक संगीतानंतरच्या इंग्लिश रॉक संगीतातील एक प्रमुख वृंद. इंग्लंडच्या वेस्ट ससेक्स परगण्यातील क्रॉली ह्या नगरात त्याचा उदय झाला. गायक, गिटारवादक व गीतकार रॉबर्ट स्मिथ (२१ एप्रिल १९५९– ) हा आरंभापासून वृंदात अखंडपणे राहिलेला एकमेव सदस्य होय. ‘गॉथिक रॉक’ ह्या संगीतप्रकाराची जडणघडण करणाऱ्या वृंदांत द क्यूअरची गणना केली जाते. तथापि हे बिरुद स्मिथने स्वतः वेळोवेळी नाकारले आहे. आधुनिक यूरोपीय साहित्याशी इतका दीर्घकाळ व इतका उघड संबंध ठेवणारे वृंद लोकप्रिय संगीतात थोडेच आढळतात. हा संबंध कितपत फलदायी ठरला, हा ह्या वृंदाच्या कार्याचे मूल्यमापन करताना उद्‌भवणारा मुख्य प्रश्न आहे.

पार्श्वभूमी : १९७६-७७ मध्ये इंग्लंडमध्ये पंक संगीताची लाट आली. वादनकौशल्याची प्रतिष्ठा झुगारून देऊन मोजके स्वर, द्रुत लय व आक्रमक शब्द यांच्या बळावर कोणालाही वृंद उभारता येतो, हे तिने दाखवून दिले. मात्र तिचा बहिर्मुख संताप लवकरच ओसरला आणि १९७८ च्या सुमारास अनेक तरुण वादक अंतर्मुख झाले. मँचेस्टरचा जॉय डिव्हिजन, लंडनचा सूझी अँड द बॅनशीज, नॉर्दॅम्प्टनचा बाउहाउस इ. वृंदांनी ह्या नव्या वळणाला आकार दिला. बाउहाउसचे बेला लुगोसीवरील गीत १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले व १९८२ मध्ये लंडनमध्ये ‘बॅटकेव्ह’ हा क्लब निघाला. त्यानंतर काळा पोशाख, पांढुरका चेहरा व मृत्यूविषयीचे चिंतन यांनी ओळखला जाणारा एक स्वतंत्र संप्रदायच तयार झाला. ‘गॉथिक’ ही संज्ञा अर्थातच साहित्यातून आलेली होती. हॉरिस वॉल्पोलच्या ‘द कासल ऑफ ओट्रँटो’ (१७६४) पासून सुरू झालेल्या कादंबरीपरंपरेतील भग्न वास्तू, गूढ अंधार आणि भयग्रस्त मन ही तिची मूळ सामग्री होय. मात्र द क्यूअरचा साहित्याशी असलेला संबंध ह्या परंपरेपुरता मर्यादित नाही. किंबहुना त्याची मुळे विसाव्या शतकातील ⇨ अस्तित्ववादी विचारात अधिक आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर नियोजनपूर्वक वसविण्यात आलेल्या नव्या नगरांपैकी क्रॉली हे एक. स्मिथ व लॉरेन्स टोलहर्स्ट हे तेथील शाळासोबती. १९७६ मध्ये त्यांनी ‘मॅलिस’ व १९७७ मध्ये ‘ईझी क्यूअर’ ह्या नावाने वृंद चालविला. एका जर्मन ध्वनिमुद्रण कंपनीची स्पर्धा जिंकून त्यांनी तिच्याशी केलेला करार १९७८ मध्ये संपुष्टात आला. त्याच वर्षी ‘द क्यूअर’ हे नाव धारण करण्यात आले. ख्रिस पॅरी ह्या निर्मात्याने वृंदाची ध्वनिफीत ऐकून त्याला आपल्या ‘फिक्शन’ ह्या नव्या कंपनीत घेतले. स्मिथ, टोलहर्स्ट (ड्रम) व मायकेल डेम्प्सी (बास गिटार) अशा तिघांची ‘थ्री इमॅजिनरी बॉइज’ ही पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका १९७९ मध्ये निघाली.

वाटचाल : १९७९ अखेरीस डेम्प्सीच्या जागी सायमन गॅलप आला आणि वृंदाच्या नादरचनेला तिचे खरे रूप लाभले. गॅलपचे बासवादन केवळ तालाला आधार देत नाही, तर अनेकदा मुख्य स्वररेषाच वाहून नेते. तिच्याभोवती गिटारचे थरथरते, पाण्यात विरघळल्यासारखे स्वर आणि स्मिथचा ताणलेला, काहीसा पोरका आवाज फिरत राहतो. ‘सेव्हन्टीन सेकंड्‌स’ (१९८०), ‘फेथ’ (१९८१) व ‘पॉर्नॉग्राफी’ (१९८२) ह्या तीन ध्वनिमुद्रिकांत ही शैली उत्तरोत्तर अधिक काळोखी होत गेली. ‘फेथ’च्या वेष्टनावर यॉर्कशरमधील बोल्टन मठाचे धुक्यात बुडालेले अवशेष आहेत, गॉथिक परंपरेचा हा थेट दृश्य वारसा होय. ‘पॉर्नॉग्राफी’नंतरच्या दौऱ्याअखेर गॅलप बाहेर पडला. उरलेल्या दोघांनी मग हेतुपुरस्सर हलकीफुलकी नृत्यगीते रचली. त्यांपैकी ‘द लव्हकॅट्‌स’ (१९८३) हे ब्रिटनमधील पहिल्या दहा गीतांत पोहोचलेले त्यांचे पहिले गीत ठरले.

१९८५ च्या ‘द हेड ऑन द डोअर’पासून गॅलप परतला. स्मिथ तिशीच्या उंबरठ्यावर असताना रचलेली ‘डिसिंटिग्रेशन’ (१९८९) ही वृंदाची सर्वश्रेष्ठ कृती मानली जाते. तीमधील ‘लव्हसाँग’ हे गीत अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या सूचीत दुसऱ्या क्रमांकावर गेले. त्याच वर्षी टोलहर्स्टला वृंद सोडावा लागला. ‘विश’ (१९९२) ही ब्रिटनमध्ये प्रथम क्रमांक मिळविणारी त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका. २००२ मध्ये बर्लिन येथे ‘पॉर्नॉग्राफी’, ‘डिसिंटिग्रेशन’ व ‘ब्लडफ्लॉवर्स’ (२०००) ह्या तिन्हींचे सलग सादरीकरण करण्यात आले. २०१९ मध्ये अमेरिकेतील ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये वृंदाचा समावेश झाला. ‘४:१३ ड्रीम’ (२००८) नंतर सोळा वर्षांनी, १ नोव्हेंबर २०२४ रोजी, ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ प्रसिद्ध झाली व तिनेही ब्रिटनमध्ये प्रथम क्रमांक मिळविला.

काम्यूचा प्रभाव व एक वाद : वृंदाचे पहिलेच एकल गीत ‘किलिंग ॲन ॲरब’ (१९७८) हे आल्बेअर काम्यूच्या ‘लेत्रांजे’ (१९४२, म. शी. परका) ह्या कादंबरीवर आधारलेले आहे. कादंबरीचा नायक मर्सो अल्जीरियाच्या समुद्रकिनाऱ्यावर रणरणत्या उन्हात एका अरबावर गोळी झाडतो. सुमारे अडीच मिनिटांच्या ह्या गीतात तोच एक क्षण गोठविलेला आहे. गोळी झाडावी की पाठ फिरवून निघून जावे, दोन्हींचे मोल सारखेच, ही मर्सोची भावशून्यता स्मिथने थोड्या शब्दांत अचूक पकडली आहे. तथापि कादंबरीत ह्या क्षणानंतर सबंध उत्तरार्ध येतो. त्यात खटला आहे, तुरुंग आहे आणि आईच्या अंत्यविधीला न रडलेल्या माणसाचा समाजाने केलेला निवाडा आहे. गीतात कृत्य उरले, निवाडा गळाला. शीर्षक तर संदर्भावाचून वाचल्यास चिथावणीसारखेच भासते.

त्याचे परिणाम पुढे दिसून आले. १९८६ मध्ये ‘स्टँडिंग ऑन अ बीच’ ह्या संकलनात हे गीत आले, तेव्हा अमेरिकेत त्याचा अरबद्वेषासाठी उपयोग होऊ लागला. अरब-अमेरिकन संघटनेच्या आक्षेपानंतर ध्वनिमुद्रिकेवर गीताचा वंशद्वेषाशी संबंध नसल्याचा खुलासा चिकटविण्यात आला आणि नभोवाणी केंद्रांनी ते वाजवू नये, अशी विनंती खुद्द स्मिथने केली. १९९१ च्या आखाती युद्धाच्या वेळी हाच प्रश्न पुन्हा उद्‌भवला. नंतरच्या कार्यक्रमांत शीर्षकातील शब्द बदलूनही हे गीत गायिले गेले. स्मिथच्या हेतूविषयी शंका घेण्यास जागा नाही. परंतु जे गीत तळटीपेवाचून सुरक्षितपणे ऐकता येत नाही, त्यात रचनेचाही काही दोष मानावा लागतो. अर्थात हा दोष सर्वस्वी गीतकाराचा नव्हे. काम्यूच्या कादंबरीतही मारला गेलेला अरब निनावीच आहे. अल्जीरियन लेखक कामेल दाऊद याने ‘मर्सो, काँत्र-आंकेत’ (२०१३) ह्या कादंबरीत त्या मृताला मूसा हे नाव देऊन, त्याच्या भावाच्या तोंडून तीच कथा उलट बाजूने सांगितली. ज्या मौनावर दाऊदने बोट ठेवले, ते गीताने मुळातून जसेच्या तसे उचललेले होते, एवढेच नव्हे तर शीर्षकस्थानी आणून ठेवले होते.

काफ्का, पीक व फार्मर : ह्यानंतरच्या गीतांत स्मिथने घटनेऐवजी मनोवस्था उचलण्याचा मार्ग पत्करला आणि तो अधिक यशस्वी ठरला. ‘ॲट नाइट’ (१९८०) ह्या गीतामागे ⇨ फ्रान्ट्‌स काफ्काचा त्याच नावाचा छोटा गद्यखंड आहे. सारे जग निद्रिस्त असता कोणीतरी जागे राहिलेच पाहिजे, ही त्यातील अकारण वाटणारी जबाबदारी गीतात संथ, एकसुरी ठेक्यातून व्यक्त होते. ‘अ लेटर टू एलीस’ (१९९२) ची प्रेरणा काफ्काने फेलिस बाउअर हिला लिहिलेल्या पत्रांतून घेतलेली आहे. दोनदा वाङ्‌निश्चय होऊन दोनदा मोडलेल्या त्या संबंधातील ओढ व माघार यांचा पेच येथे एका साध्या निरोपगीतात मावला आहे.

‘फेथ’मधील ‘द ड्राउनिंग मॅन’ हे गीत मर्व्हिन पीकच्या ‘गॉर्मेनगास्ट’ (१९५०) ह्या कादंबरीतील फ्यूशा ह्या पात्राचा मृत्यू रंगविते. पुराच्या पाण्याकडे पाहत खिडकीत उभी असलेली ही एकाकी मुलगी मृत्यूचा विचार करता करता तोल जाऊन पडते. पीकच्या शब्दबहुल, चित्रमय शैलीचे अनुकरण स्मिथने टाळले आहे. पडणे, बुडणे व हाकेला प्रतिसाद न मिळणे एवढेच त्याने शब्दांत ठेवले आणि पाण्याची अथांगता वाद्यांवर सोपविली.

‘शार्लट समटाइम्स’ (१९८१) हे गीत पिनेलपी फार्मरच्या त्याच नावाच्या किशोरकादंबरीवरून (१९६९) रचलेले आहे. निवासी शाळेतील शार्लट रात्री झोपते आणि सकाळी १९१८ सालातील क्लेअर ह्या मुलीच्या जागी जागी होते. ह्या अदलाबदलीत ‘मी नेमकी कोण?’ हा प्रश्न तिला ग्रासून टाकतो. ह्याच कादंबरीवरून स्मिथने आणखी दोन गीते रचली : ‘स्प्लिंटर्ड इन हर हेड’ (१९८१) व ‘द एम्प्टी वर्ल्ड’ (१९८४). एका बालसाहित्यकृतीला काम्यू व काफ्का यांच्या बरोबरीचे स्थान देण्यात स्मिथची वाचकदृष्टी दिसून येते. ग्रंथाच्या प्रतिष्ठेपेक्षा त्यातील अस्वस्थतेला त्याने महत्त्व दिले.

बोदलेअर : ‘हाउ ब्यूटिफुल यू आर’ (१९८७) हे गीत शार्ल बोदलेअरच्या ‘ले झ्यू दे पोव्र’ (म. शी. गरिबांचे डोळे) ह्या गद्यकाव्याचे जवळजवळ रूपांतरच आहे. मूळ रचनेत पॅरिसच्या नव्या राजमार्गावरील झगमगत्या उपहारगृहासमोर एक दरिद्री पिता व त्याची दोन मुले खिळून उभी राहतात. तेथे बसलेला निवेदक ओशाळतो. त्याच्या प्रेयसीला मात्र ती माणसे तेथून हाकलली जावीत असे वाटते. दोन जिवलगांच्या मनांतील दरी त्याला त्या क्षणी उमगते. स्मिथने प्रसंगाचा सांगाडा, तीन डोळ्यांच्या जोड्यांची तीन निरनिराळी भाषा आणि शेवटची निराशा हे सारे कायम ठेवले. परंतु एक मोठा बदल केला. बोदलेअरच्या गरिबांचे डोळे उपहारगृहाच्या वैभवावर लागलेले आहेत, तर गीतातील गरिबांचे डोळे त्या स्त्रीच्या सौंदर्यावर. मूळ रचनेतील मोठ्या मुलाला, आपल्यासारख्यांना ह्या वास्तूत प्रवेश नाही, हे कळलेले असते. गीतातील मुलगा केवळ मोहित होतो. अशा रीतीने श्रीमंत व गरीब यांच्यामधील काच नाहीशी होऊन केवळ प्रियकर-प्रेयसीमधील काच उरते. प्रेमभंगाचे गीत म्हणून ते प्रभावी आहे. पण बोदलेअरच्या रचनेतील सामाजिक दंश त्यात बोथट झाला आहे. स्मिथच्या एकूण वाचनाची ही मर्यादा म्हणता येईल : साहित्यातून तो एकाकी माणूस उचलतो, त्याला एकाकी करणारा समाज मागे ठेवतो.

काही गीतांत साहित्याचा संबंध केवळ वरवरचा आहे. ‘बनानाफिशबोन्स’ (१९८४) मध्ये जे. डी. सॅलिंजरच्या प्रसिद्ध कथेच्या शीर्षकाशी खेळण्यापलीकडे फारसे काही नाही. ‘ट्रेझर’ (१९९६) मध्ये ख्रिस्तिना रोझेटीच्या ‘रिमेंबर’ ह्या सुनीताचा आणि ‘अडोनेइस’ (१९९६) मध्ये ⇨ शेलीने कीट्‌सच्या मृत्यूवर लिहिलेल्या विलापिकेचा (१८२१) आधार आहे. तथापि मूळ कवितांची घट्ट वीण ह्या गीतांत सैल झालेली जाणवते.

उत्तरकाल : ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’मध्ये हा संबंध नव्या पातळीवर पोहोचतो. तीमधील पहिले गीत ‘अलोन’ हे अर्नेस्ट डाउसन ह्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या इंग्रज कवीच्या ‘ड्रेग्ज’ (म. शी. गाळ) ह्या कवितेवरून सुचले. त्यात तीन मिनिटांहून अधिक काळ केवळ वाद्ये वाजत राहतात आणि मगच स्वर उमटतो. आईवडील व थोरला भाऊ यांच्या मृत्यूंनंतर पूर्ण झालेली ही ध्वनिमुद्रिका आहे. भावावरील ‘आय कॅन नेव्हर से गुडबाय’ ह्या गीतात ⇨ शेक्सपिअरच्या ‘मॅक्‌बेथ’मधील चेटकिणीच्या उद्‌गाराचा पडसाद आहे. येथे संदर्भ माहीत नसला तरी काही बिघडत नाही. मृत्यूची चाहूल त्या शब्दांवाचूनही संगीतातून जाणवते, आणि ज्याला संदर्भ ठाऊक आहे त्याच्यासाठी ती अधिक गडद होते.

मूल्यमापन : साहित्याचा उल्लेख केल्याने गीत साहित्य होत नाही. द क्यूअरची जी गीते टिकून राहिली, ती मूळ ग्रंथाची गोष्ट सांगतात म्हणून नव्हे, तर ग्रंथ मिटल्यावर वाचकाच्या मनात रेंगाळणारी अवस्था नादातून पुन्हा उभी करतात म्हणून. विशीतील स्मिथने मृत्यू व अर्थशून्यता ह्या कल्पना पुस्तकांतून घेतल्या आणि त्या वेळी त्यांना काहीशी पोशाखी छटा होती. पासष्टीत त्याच कल्पना अनुभव होऊन आल्या, तेव्हा पुस्तकांचा आधार केवळ सोबतीपुरता उरला. वृंदाच्या लोकप्रियतेचा आणखीही एक परिणाम नमूद करण्याजोगा आहे. पाठ्यपुस्तकांबाहेरचे काम्यू, पीक वा डाउसन ज्यांच्या हाती एरवी पडले नसते, अशा असंख्य तरुण श्रोत्यांना ही गीते ग्रंथालयापर्यंत घेऊन गेली. टोलहर्स्टने आपल्या आठवणींच्या ‘क्यूअर्ड’ (२०१६) व त्यानंतरच्या ‘गॉथ’ (२०२३) ह्या पुस्तकांतून ह्या पिढीच्या घडणीचा वृत्तांत दिला आहे.