स्वरांचा न्यायनिवाडा

इंग्रजीच्या उच्चारावरून मनुष्याच्या विद्येची परीक्षा करण्याची खोड आपल्या सुशिक्षित वर्गास जडली आहे. ती किती निराधार आहे, याचे प्रत्यंतर नवी मुंबईत सहज मिळते. 1970 साली सिडकोची स्थापना होऊन खाडीपलीकडे हे नगर आकारास येऊ लागले आणि नाना प्रांतांतील कुटुंबे वाशी-नेरूळच्या एकाच जिन्यावर शेजारी झाली. आपण ‘कॉलेज’ म्हणतो, मल्याळी शेजारी ‘कोळेज’ म्हणतो, आणि आपली मुले त्यास हसतात.

या हसण्यास आधार काय? ‘बॅट’ आणि ‘कॉट’ यांतील स्वर मराठीने इंग्रजीच्या सहवासात आपलेसे केले. 2009 साली शासनाने प्रमाणित वर्णमालेत त्यांस स्थानही दिले. परंतु ऱ्हस्व ‘ए’ हा मराठीत निराळा स्वर नाही. त्यामुळे ‘मिळवणे’ या अर्थाचा ‘गेट’ आणि फाटक या अर्थाचा ‘गेट’ आपल्या तोंडी एकरूप होतात. तमिळ वा मल्याळी मनुष्यास हा भेद मातृभाषेनेच शिकविलेला असतो. तेव्हा हसण्याची पाळी त्याचीही येऊ शकते! हिंदीतील ‘बैंक’ आपणांस ‘बइंक’ भासते. वस्तुतः तेथे ‘ऐ’चा उच्चार बहुधा आपल्या ‘ॲ’च्याच जवळचा असतो. दोष बोलणाराच्या जिभेचा नसून आपल्या वाचनाचा आहे.

कोणी म्हणेल, निवाडा इंग्रजांकडेच मागावा. डॅनिएल जोन्स यांचा 1917 सालचा प्रसिद्ध उच्चारकोश पाहावा, तर त्यात मुख्यतः दक्षिण इंग्लंडातील, निवासी शाळांत शिकलेल्या वर्गाची बोली नोंदली आहे. उत्तर इंग्लंडात ‘कप’मधील स्वर ‘पुट’मधल्यासारखा होतो, ‘बाथ’मधील आकार आखूड होतो, अमेरिकेत ‘हॉट’चा ‘हाट’ होतो. घरच्यांतच एकमत नाही, तेथे पाहुण्यांनी परस्परांस शिक्षा का करावी?

ऐकणारास अर्थ कळेल इतका स्पष्टपणा हवाच. परंतु वर्गात उभे राहिलेले मूल एका स्वरापायी हास्यास्पद ठरले, तर ते स्वर सुधारीत नाही, बोलणेच सोडते. ही हानी अशुद्ध उच्चाराहून फार मोठी आहे.

‘खारघर’ हे नाव रोमन लिपीत लिहिले असता त्यातील आकार व अकार यांस एकच अक्षर पडते. नवागत ते वाचताना चुकला, तर आपण त्याची विद्वत्ता तपासीत नाही. नाव सांगून त्यास वाट दाखवितो. इंग्रजी स्वरांच्या बाबतीतही हाच शेजारधर्म पुरेसा आहे.