परिसा भागवत

संत नामदेवांचे (१२७०–१३५०) समकालीन शिष्य व अभंगकार. जातीने ब्राह्मण. पंढरपूरचे रहिवासी व रुक्मिणीचे उपासक. पत्नीचे नाव कमळजा. त्यांचे चरित्र आख्यायिकांतूनच हाती येते आणि ह्या आख्यायिकांनीच त्यांच्यावर थोडा अन्याय केला आहे.

महिपतीच्या भक्तविजयामुळे (१७६२) सर्वपरिचित झालेली कथा अशी : रुक्मिणीच्या प्रसादाने परिसांना परीस मिळाला. कमळजेने तो नामदेवांची पत्नी राजाई हिला गुपचूप दिला आणि राजाईने लोखंडाचे सोने केले. नामदेवांनी परीस चंद्रभागेत टाकला. परिसा जाब विचारण्यास आले, तेव्हा नामदेवांनी नदीतून ओंजळभर खडे काढून दाखविले व ते सारेच परीस ठरले. परिसांचा अभिमान गळाला व ते शरण आले.

कथा रंजक आहे. मात्र तिच्यात शिष्य होण्याचे कारण चमत्कार हे आहे. दिपून गेलेल्या माणसाला विचार करावा लागत नाही. नामदेवांच्या गाथेत समाविष्ट असलेल्या परिसांच्या अभंगांत आणि नामा–परिसा संवादात चित्र वेगळे दिसते. तेथे वादाचा विषय सोने नसून कुळ व ज्ञान हा आहे. विद्वान ब्राह्मणाने शिंप्यास गुरू मानावे काय, हा प्रश्न उघडपणे पुढे येतो आणि त्याचा निकाल बोलण्यातून लागतो. कथेत परीस हे धन आहे. संवादात खरे धन पांडित्याचे, आणि ते सोडणे अधिक कठीण.

गुरुशिष्यांच्या कथांतील हा साचा नामदेवांच्या चरित्रातही आढळतो. परंपरेने त्यांचे जन्मस्थान मानलेले नरसी आणि गुरूपदेशाचे स्थान औंढा नागनाथ ही दोन्ही गावे, पुसेगावप्रमाणेच, आज हिंगोली जिल्ह्यात आहेत (१९९९ पूर्वी परभणी जिल्हा). औंढ्यास शिवलिंगावर पाय ठेवून निजलेल्या विसोबा खेचरांनी नामदेवांचा अहंकार दूर केला, असे परंपरा सांगते. हे विसोबाही आधी ज्ञानदेवादी भावंडांचे विरोधक होते, अशी समजूत आहे. म्हणजे विरोधक नमतो, नमलेला गुरू होतो व पुढे त्याचा शिष्य दुसऱ्यास नमवितो. ह्या साखळीत परिसा हे शेवटचे कडे ठरतात. कडीला स्वतंत्र चेहरा देण्याची गरज कथाकारांना वाटली नाही.

तुकारामांच्या बाबतीत रामेश्वरभट्टांची कथा ह्याच वळणाची आहे. बहिणाबाईंचे (१६२८–१७००) तसे झाले नाही, कारण ब्राह्मण घरातील स्त्रीने शूद्र गुरू स्वीकारताना काय सोसले, हे त्यांनी आपल्या आत्मपर अभंगांत स्वतःच सांगून ठेवले. परिसांचे सांगणे गाथेच्या गर्दीत हरवले, इतकेच.

ह्या अभंगांचा विचार जपूनच केला पाहिजे. नामदेवांच्या गाथेत सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा ह्याची रचना मिसळली असल्याचे अभ्यासकांनी दाखविले आहे. महाराष्ट्र शासनाने १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या गाथेमुळे सामग्री एकत्र आली, तरी कर्तृत्वाचे सर्व प्रश्न त्यामुळे सुटले असे नव्हे. परिसांच्या नाममुद्रेचा प्रत्येक अभंग त्यांचाच, असे म्हणवत नाही. परंतु एखादा अभंग नंतरच्या कवीचा ठरला, तरी ब्राह्मणाची शरणागती त्याच्याच तोंडून, युक्तिवादासह वदवावी असे कोणाला तरी वाटले, ही गोष्ट वारकरी परंपरेच्या इतिहासात लहान नाही. काव्य म्हणून पाहता परिसांची रचना साधी आहे. जनाबाईंच्या अभंगांतील जिव्हाळा व घरगुती प्रतिमांची समृद्धी तिच्यात आढळत नाही आणि उपदेशपर भागात ती शुष्कही होते. ती जिवंत होते ती संवादात, जेथे गुरूला उलट प्रश्न करणारा शिष्य दिसतो. कीर्तनांत मात्र अद्यापि परिसाची गोष्टच सांगितली जाते.