सैनिक गातो तेव्हा कोणाशी बोलतो?

युद्धाचं गाणं म्हटलं की आपल्या कानांना सवय असते ती रणांगणाबाहेर उभं राहून गाणाऱ्याची. पोवाडा लढवय्याचा, पण गातो शाहीर. अण्णा भाऊ साठ्यांनी ‘स्टॅलिनग्राडचा पोवाडा’ रचला तो ती लढाई न पाहता, आणि तरी तो अंगावर काटा आणतो. ज्याच्या हातात बंदूक होती त्यानंच गाणं रचलं तर ते कशावर तोलायचं, हा प्रश्न म्हणून आपल्याकडे क्वचित विचारला जातो. अमेरिकी सैनिकांची व्हिएतनामपासूनची गाणी ऐकताना मला एकच कसोटी भरवशाची वाटत आली आहे : गाणारा कोणाशी बोलतो आहे?

केवळ अनुभव खरा असून भागत नाही. बॅरी सॅडलर हा अमेरिकी स्पेशल फोर्सेसमधला मेडिक. व्हिएतनाममध्ये तो जखमी झाला होता. त्याचं ‘द बॅलड ऑफ द ग्रीन बेरेज’ १९६६ मध्ये सलग पाच आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. पण त्यात चिखल नाही, भीती नाही, चुकलेला हुकूम नाही. आहे तो कवायतीचा ताल आणि निष्कलंक वीर. हे गाणं मायदेशातल्या श्रोत्याला धीर देण्यासाठी रचलेलं आहे, आणि तो धीर देताना सॅडलरनं स्वतः पाहिलेलं सगळं गाळून टाकलं.

त्याच काळात व्हिएतनाममध्ये वेगळंच काही गायलं जात होतं. सैनिकांकडे गिटारी होत्या, स्वस्त जपानी टेपरेकॉर्डर होते, आणि लहानपणापासून तोंडपाठ असलेल्या लोकगीतांच्या, कंट्री गाण्यांच्या चाली होत्या. त्या चालींवर ते नवे शब्द बसवत. ‘रेड रिव्हर व्हॅली’ हे अमेरिकेतलं जुनं, हळवं निरोपाचं गीत. उत्तर व्हिएतनामवर बॉम्बफेक करणाऱ्या वैमानिकांनी तीच चाल उचलली, कारण हनोईही रेड रिव्हरच्या, म्हणजे लाल नदीच्याच काठी आहे. आता निरोप घेणारा प्रियकर नाही. विमानविरोधी तोफांच्या माऱ्यात शिरून परत न आलेला सहकारी आहे. ऐकणाऱ्याच्या कानात जुने शब्द चालूच असतात आणि त्यांच्यावर नवे येऊन आदळतात. त्या दोहोंमधल्या ताणातून जे दुःख उमटतं ते थेट विलापातून उमटलं नसतं. बसवलेल्या चालींना हलकं काम समजणाऱ्यांनी हे गाणं एकदा लक्ष देऊन ऐकावं. इथे चाल उसनी आहे म्हणूनच गाणं मोठं झालं आहे.

ही गाणी मेसमध्ये, दारूच्या संगतीनं, एकमेकांसाठी गायली गेली. म्हणून ती उद्धट आहेत, अश्लील आहेत, वरिष्ठांची टर उडवणारी आहेत. जनरल एडवर्ड लॅन्सडेल यांनी सायगावमधल्या आपल्या घरी जमणाऱ्या मंडळींची अशी गाणी ध्वनिमुद्रित केली आणि वॉशिंग्टनमधल्या वरिष्ठांना पाठवली. अहवालांतून न कळणारं युद्ध गाण्यांतून कळेल, ही त्यांची आशा होती. युद्ध त्यानंतरही कित्येक वर्षं चाललं. त्या टेप मात्र लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपल्या गेल्या.

इराकमध्ये गिटारीची जागा लॅपटॉपनं घेतली. सार्जंट नील सॉन्डर्स आणि त्याच्या साथीदारांनी बगदादमधल्या तळावरच तात्पुरता स्टुडिओ उभारला. ‘लाइव्ह फ्रॉम इराक’ हा त्यांचा रॅपचा अल्बम २००५ मध्ये आला. रॅपला चाल उसनी घ्यावी लागत नाही. बोलण्याची लयच गाण्याचा कणा होते, त्यामुळे तक्रार तक्रारीच्याच आवाजात येते : पुरेसं चिलखत नसलेल्या गाड्या, घरी परतण्याची धास्ती, पडद्यावर युद्ध पाहणाऱ्यांवरचा राग. संगीत म्हणून हा अल्बम एकसुरी आहे, ठोके साधे आहेत, काही ठिकाणी नुसता आवेश उरतो. तरी मी त्याला सॅडलरच्या शेकडो पटींनी वर ठेवीन. यातले सैनिक नागरिकांशी बोलतात, पण त्यांची मर्जी राखत नाहीत. जॉर्ज गिटोज या ऑस्ट्रेलियन चित्रकारानं ‘साउंडट्रॅक टू वॉर’ या माहितीपटात टिपलेले सैनिक पाहिले की असं स्वतःचं गाणं गाण्याची भूक किती जणांना होती हे कळतं.

अलीकडच्या काळात सैनिकांचं गाणं उपचाराच्या वाटेनं निघालं आहे. ‘साँगरायटिंग विथ सोल्जर्स’ ही संस्था माजी सैनिकांची व्यावसायिक गीतकारांशी गाठ घालून देते आणि ते मिळून गाणं रचतात. गायिका मेरी गॉशे यांचा ‘रायफल्स अँड रोझरी बीड्स’ (२०१८) हा अल्बम त्यातूनच आला आणि ग्रॅमीच्या लोकसंगीत विभागात त्याला नामांकन मिळालं. माझी हरकत स्पष्ट आहे. गाणी अनेकांच्या आयुष्यांची, आवाज एकटीचा. कसलेल्या हातानं ओबडधोबड बोलणं घासूनपुसून घेतलं की एका माणसाचं दुखणं दुसऱ्याच्या दुखण्यासारखंच ऐकू येऊ लागतं. काही कडव्यांत शेवट आधीच कळतो.

पण याच अल्बममध्ये दोन गाणी अशी आहेत की तिथे माझी हरकत टिकत नाही. ‘वॉर आफ्टर द वॉर’ माजी सैनिकांच्या पत्नींसोबत रचलेलं आहे. घरी परतलेल्या नवऱ्याबरोबर आत शिरलेलं युद्ध त्या रोज सोसतात, आणि त्यांना पदक मिळत नाही. ‘इराक’ हे लष्करात मेकॅनिक असलेल्या स्त्रीचं गाणं. तिला छळणारे तिच्याच बाजूचे, तिच्याच गणवेशातले. वैमानिकांच्या मेसमधल्या रांगड्या गाण्यांना जी गोष्ट कधी दिसलीच नसती, ती इथे शांत आवाजात सांगितली जाते.

मात्र या साऱ्या गाण्यांत, जुन्या आणि नव्या, ज्या घरांवर बॉम्ब पडले त्या घरांतली माणसं जवळजवळ नाहीत. व्हिएतनामी शेतकरी, बगदादमधला दुकानदार हे फार तर धोक्याची खूण म्हणून येतात. सैनिक आपल्या सोबत्यांशी बोलतो, वरिष्ठांशी बोलतो, मायदेशाशी आणि बायकोशीही बोलतो. ज्याच्यावर त्यानं नेम धरला त्याच्याशी बोलणारं गाणं मात्र मी अजून शोधतो आहे.