रामचरणाची मूठ

गेल्या वर्षी भाच्यासाठी भाड्याची खोली पाहत गंगापूर रोडवर हिंडत होतो. एके ठिकाणी घरमालकांनी अगत्याने बसवून घेतले, चहा दिला आणि मग आडनाव विचारले. आडनावावरून उलगडा होईना, तेव्हा गाव विचारले; गावावरूनही होईना, तेव्हा कुलदैवत. आवाज शेवटपर्यंत मऊच होता. परतताना बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा आठवली. घरी येऊन ती पुन्हा वाचली.

या नावाचा संग्रह निघाला 1963 साली. त्याविषयी बोलताना 'दाहक' हे विशेषण आपण इतके सढळपणे वापरतो, की कथेतले खरे निरीक्षण त्याखाली झाकले जाते. निवेदक गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर जातो आणि जात लपवतो. सोबतचे कामगार त्याला मान देतात. रामचरण तिवारी तर त्याला डोक्यावर घेतो. पुढे जात उघडी पडते आणि मान देणारे हातच त्याच्यावर तुटून पडतात. निवेदकाच्या बोलण्यात वा वागण्यात तसूभर फरक पडलेला नसतो. त्याच्याविषयी एक गोष्ट कळली, इतकेच. बागुलांचे सामर्थ्य मला येथे दिसते. त्यांचा रामचरण खलपुरुष नव्हे. त्याचा लोभ खोटा नव्हता. त्याला एक अट होती, आणि ती अट त्याला जन्माबरोबरच मिळाली होती. एरवी आपल्या कथा-कादंबऱ्यांत द्वेष करणारा माणूस प्रथमदर्शनीच ओळखू येतो. ही लेखकांची सोय असते, आणि वाचकांचीही!

जात न लपवणारा काशिनाथ सपकाळ शेवटी निवेदकाला सोडवतो. मार खाल्लेला निवेदक मात्र दोष देतो तो मनूला, मारणाऱ्यांना नव्हे. यात उदारता आहे, हे मान्य. पण मला तेथे अडखळायला होते. मनूने मारले हे खरे असले, तरी मूठ रामचरणाची होती. ती त्याला आवरता आली असती की नाही? काशिनाथ हा प्रश्न विचारू शकला असता. लेखकाने त्याला तेवढी जागा ठेवलेली नाही. कथेची ही उणीव मला लहान वाटत नाही.

बागुल नाशिकजवळच्या विहितगावचे. त्यांचा जन्म 1930 चा, आणि त्याच वर्षी 2 मार्चला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. आज गंगापूर रोडवर ज्यांचे स्मारक आहे, ते कुसुमाग्रजही तरुणपणी त्यात सामील झाले होते. तेथे दार बंद होते आणि ते बंद आहे हे सर्वांना दिसत होते. बागुलांनी लिहिले ते उघड्या दाराविषयी. अशा दारापुढे सत्याग्रह करायचा कसा?

रामचरणाचा हिशेब मागताना माझीही एक गोष्ट सांगून टाकणे भाग आहे. त्या दिवशी मी कुलदैवत सांगितले. खोली मिळाली. भाचा अजून तेथेच राहतो, आणि घरमालक वाटेत भेटले की माझ्या प्रकृतीची आपुलकीने चौकशी करतात.