‘सली’ : वैमानिक कक्षातला आवाज आणि पडद्यावरची चौकशी

क्लिंट ईस्टवुड यांचा ‘सली’ (२०१६) हा चित्रपट विद्यार्थ्यांना दाखवावा का? आमचे उत्तर, जरूर दाखवावा. मात्र शेवटी चौकशीचा जो प्रसंग येतो, तो झाल्यावर दिवे लावून मुलांशी थोडे बोलावे लागेल.

घटना खरी आहे. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून निघालेल्या एअरबस ए-३२० च्या दोन्ही एंजिनांत कॅनडा गूज पक्षी शिरले. कॅप्टन चेस्ली सलेनबर्गर यांनी विमान हडसन नदीत उतरवले. आतली १५५ माणसे, सगळीच्या सगळी, वाचली. टॉम हँक्स यांचा अभिनय संयत आहे, याबद्दल वाद नाही.

आमची तक्रार चौकशी मंडळाच्या चित्रणाबद्दल आहे. पडद्यावर हे अधिकारी ‘विमान परत नेता आले असते’ असा हेका धरतात. मग नायक विचार करायला लागणाऱ्या ३५ सेकंदांची आठवण करून देतो आणि त्यांची बोलती बंद होते. प्रत्यक्षात सिम्युलेटरवर ३५ सेकंद उशिरा विमान वळवून पाहण्याची चाचणी मंडळानेच करवून घेतली होती. ती फसली. तात्काळ वळवलेल्या फेऱ्यांपैकी काही यशस्वी झाल्या, हेही मंडळाने लपवले नाही, आणि २०१० च्या अहवालात नदीत उतरण्याचा निर्णय योग्य ठरवला. ज्यांनी आपलेच अनुमान उलटून तपासले, त्यांनाच खलनायक केले! चौकशी म्हणजे कोणाला तरी पकडणे, असा समज घेऊन मूल घरी जाणार असेल, तर विज्ञानशिक्षकाने गप्प बसू नये.

दुसरी गोष्ट ध्वनिमुद्रणाची. चित्रपटात ते भरसभेत ऐकवतात. अमेरिकेच्या कायद्यानुसार असा आवाज जाहीर करता येत नाही. लोकांना मिळतो तो फक्त लेखी उतारा. मरणाच्या दारातल्या माणसाचे बोलणे तमाशाचा विषय होऊ नये, हा त्यामागचा विचार आम्हांला पटतो. कक्षात कॅमेरे बसवावेत अशी शिफारस याच मंडळाने २००० साली केली, तिला वैमानिक संघटनांनी विरोध केला तोही याच धास्तीने. प्रवासी विमानांत असे कॅमेरे अजून सक्तीचे नाहीत.

पण बोलण्यापलीकडेही त्या फितीत बरेच असते. (आता ‘फीत’ म्हणायची सवय तेवढी उरली; मुद्रण चिपवर होते.) वैमानिकांच्या तोंडाजवळच्या मायक्रोफोनांखेरीज एक कक्षाचा सर्वसाधारण आवाज टिपतो. या अपघाताच्या उताऱ्यात धडक बसल्याच्या आवाजाची नोंद आहे, आणि लगेच नंतर एंजिनाचा आवाज उतरू लागल्याची. वारंवारता मोजली की फिरण्याचा वेग कळतो. दोन पात्यांचा पंखा मिनिटाला २४०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ४० फेरे, म्हणजे ८० कंपने. आठवीचा विद्यार्थी हे गणित करील. एंजिन कधी आणि किती मंदावले याचा साक्षीदार असा आवाजातच बसलेला असतो, आणि चित्रपटाला त्याची दखल घ्यावीशी वाटली नाही.

लेखी उतारा उपलब्ध आहे. धडकेपासून पाण्यावर टेकेपर्यंतची साडेतीन मिनिटे त्यात सेकंदावार नोंदलेली आहेत. चित्रपट लावण्यापूर्वी घड्याळ समोर ठेवून तो वर्गात वाचून घ्यावा. दोन मुलांना वैमानिक करावे, तिसऱ्याला नियंत्रण कक्ष.